सरकारी उर्दू शाळा: कुठून आली, कशावर टिकते

तालीमचा विषय निघाला की आपल्या जलशांत फातिमा शेख आणि अंजुमन-ए-इस्लाम (स्थापना १८७४) ही नावं हमखास येतात. यायलाच हवीत. पण महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मुलांना 'अलिफ, बे' गिरवायला लावणाऱ्या सरकारी उर्दू शाळांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

राज्य एक असलं, तरी या शाळांची कहाणी एक नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथं उर्दू ही सरकार-दरबारची भाषा आणि सरकारी शिक्षणाचंही माध्यम. मराठी घरांतल्या मुलांनाही उर्दूतूनच शिकावं लागे, हेही आपण विसरू नये. संस्थान विलीन झाल्यावर मराठी माध्यम आलं आणि उर्दू शाळा मुख्यतः मोहल्ल्यापुरती उरली. कोकणात वेगळंच. रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी मुस्लिम घरांत कोकणी बोलतात, तरी शाळा उर्दू. मूल पहिलीत येतं तेव्हा शाळेची भाषा त्याला जवळजवळ नवीच असते. मुंबईत महापालिका इतर माध्यमांबरोबर उर्दू शाळाही चालवते.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा त्यांच्या हाती गेल्या. १९६७ साली स्थापन झालेली 'बालभारती' उर्दूतूनही पाठ्यपुस्तकं काढते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा, असं संविधानाचं कलम ३५०-क राज्यांना सांगतं. म्हणजे उर्दू शाळा ही कुणाची मेहरबानी नाही.

आता आजचं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ वं मूल आलं की तिसरा, असं मूळ कायद्याचं परिशिष्ट सांगतं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेच्या अटी आणखी कडक केल्या. पट घटला की पद जातं, पद गेलं की पालक मुलं काढतात, आणि पट आणखी घटतो! त्यात उर्दू माध्यमाच्या राखीव जागांना उमेदवार मिळत नाहीत, त्या रिकाम्याच राहतात. दोन शिक्षकांत पाच वर्ग सांभाळणं म्हणजे काय, ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक.

एक गोष्ट मात्र पालकांच्या हातातली आहे. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि तोही आधार जुळलेल्या मुलांचा. आपल्याकडे घोळ होतो तो नावात. शाळेच्या रजिस्टरमध्ये 'मोहम्मद', आधारवर 'मुहम्मद'. इथं 'शेख' आधी, तिथं शेवटी. मूल रोज वर्गात बसतं, पण मोजणीत येत नाही.

दुसरी गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीची. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायदा म्हणतो. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. शिक्षकाची रिकामी जागा, गळकं छप्पर, मुलींचं स्वच्छतागृह, जे हवं ते ठरावात लिहून घ्यावं आणि ठरावाची पोच गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून घ्यावी. अम्मी-खाला बैठकीला येतात, सही करतात, पण इतिवृत्त मराठीत असतं म्हणून वाचत नाहीत. सहीआधी ते मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.