पेन ड्राइव्ह कधी लावला, कुणी लावला? कॉम्प्युटरमधली नोंद काय सांगते

दिलसुखनगर मेट्रो स्टेशनखालून चैतन्यपुरीकडे चालत निघालं, की कोचिंगच्या पाट्या, हॉस्टेलं आणि झेरॉक्सची दुकानं संपता संपत नाहीत. आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डीतल्या मद्नूर-जुक्कलकडची मराठी घरातली पोरंही ग्रुप-१, ग्रुप-२ च्या तयारीसाठी इथंच खोली घेऊन राहतात. मार्च २०२३ मध्ये या सगळ्या गल्ल्यांत एकच विषय होता : तेलंगणा लोकसेवा आयोगाचे पेपर फुटले.

आधी कॉम्प्युटर हॅक झाल्याचा संशय आला आणि १२ मार्चची परीक्षा पुढे ढकलली गेली. पण तपासात पोलिसांनी बोट दाखवलं ते आतल्याच माणसांकडं. नामपल्लीच्या कार्यालयातल्या गोपनीय विभागाच्या कॉम्प्युटरवरून प्रश्नपत्रिका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या, असं पोलिसांचं म्हणणं होतं. १७ मार्चला आयोगानं ग्रुप-१ ची पूर्वपरीक्षा रद्द केली. ५०३ जागांची ही परीक्षा १६ ऑक्टोबर २०२२ ला झाली होती आणि पावणेतीन लाखांहून अधिक उमेदवार तिला बसले होते. जून २०२३ ची फेरपरीक्षाही बायोमेट्रिकच्या मुद्द्यावरून हायकोर्टात टिकली नाही. तिसऱ्यांदा परीक्षा झाली ती ९ जून २०२४ ला. खोलीभाडं आणि मेसचे पैसे मात्र दर महिन्याला चालूच.

बोटाएवढी वस्तू दोन मिनिटं लावली आणि काढली, तर मागं काही पुरावा राहतो का? राहतो. पण किती राहील, हे बरंचसं आधी केलेल्या तयारीवर ठरतं.

विंडोज १० आणि सर्व्हर २०१६ पासून सिक्युरिटी लॉगमध्ये अशा जोडणीची वेगळी नोंद घेण्याची सोय आहे. बाहेरचं नवं उपकरण सिस्टीमनं ओळखलं की ६४१६ क्रमांकाची नोंद पडते. तीत तारीख, वेळ, उपकरणाचं नाव, त्याचा प्रकार, बनवणाऱ्याचा कोड आणि उपकरणाचा ओळख क्रमांक असतो. केबलनं लावलेला मोबाइल, बाहेरचा कीबोर्ड, प्रिंटर हेही त्यात येतात. धोरणानं बंदी घातलेलं उपकरण कुणी लावायला गेलं, तर ६४२३ ची नोंद दिसते.

गोम अशी, की ही नोंद आपोआप होत नाही. ती चालू करावी लागते. लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडून ॲडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसी, त्यात डिटेल्ड ट्रॅकिंग, त्यात ऑडिट पीएनपी ॲक्टिव्हिटी, आणि तिथं ‘सक्सेस’वर टिक. विंडोजच्या होम आवृत्तीत ही खिडकी मिळत नाही. ऑफिससाठी स्वस्तात होमवाले लॅपटॉप घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. नोंदी बघायच्या तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉग उघडून ६४१६ हा आकडा फिल्टरला द्यायचा.

आता मुख्य घोळ. ६४१६ मध्ये खात्याच्या नावाची जागा असते, पण तिथं बहुतेक वेळा ‘सिस्टीम’ असंच लिहिलेलं सापडतं. कारण उपकरण ओळखण्याचं काम विंडोज स्वतः करतं. म्हणजे काय लावलं, कधी लावलं ते कळतं; कुणी लावलं ते कळत नाही. त्यासाठी त्या वेळी कोण लॉगिन होतं, हे ४६२४ च्या नोंदीवरून जुळवावं लागतं. आणि चार जण एकच पासवर्ड वापरत असतील, पासवर्ड वहीत लिहून टेबलावर ठेवलेला असेल, तर जुळवूनही हाती काही लागत नाही. मग गेटचं रजिस्टर आणि सीसीटीव्ही बघा.

काय कॉपी झालं, हेही ६४१६ सांगत नाही. पेन ड्राइव्ह काढल्याची वेळसुद्धा तीत नसते. फायलींचा माग हवा असेल तर ऑब्जेक्ट ॲक्सेसमधलं ‘ऑडिट रिमूव्हेबल स्टोरेज’ वेगळं चालू करावं लागतं. मग ४६६३ च्या नोंदीत पेन ड्राइव्हवरच्या फाइलचं नाव, खातं आणि कोणत्या प्रोग्रॅमनं ती हाताळली, ते येतं. नोंदींचा ढीग मात्र पडतो.

हा ढीगच दुसरी अडचण. विंडोज १० मध्ये सिक्युरिटी लॉगची मूळ मर्यादा सुमारे २० एमबी असते. ती भरली की जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिल्या जातात. पेपरफुटीसारखं प्रकरण महिन्यांनी उघडकीला आलं, तर तोवर नेमका तोच दिवस गेलेला असू शकतो. म्हणून मर्यादा वाढवणं आणि नोंदी दुसऱ्या मशीनवर पाठवत राहणं, दोन्ही लागतं. ज्याच्याकडं ॲडमिनचा पासवर्ड आहे तो लॉग सरळ पुसूही शकतो. पुसल्याची ११०२ ची नोंद तेवढी उरते. कुंपणच शेत खायला लागलं तर प्रत दुसऱ्याच्या ताब्यात असलेली बरी.

ऑडिट चालू नसलं तरी सगळं संपत नाही. रजिस्ट्रीतल्या ‘यूएसबीस्टोर’ भागात आधी लावलेल्या पेन ड्राइव्हची नावं राहतात, आणि ‘सेटअपएपीआय’च्या लॉग फाइलमध्ये एखादं उपकरण पहिल्यांदा कधी बसवलं गेलं त्याची वेळ मिळते. पण स्वस्तातल्या काही पेन ड्राइव्हना स्वतःचा सिरियल नंबरच नसतो. तेव्हा विंडोज आपल्या मनानं एक क्रमांक देतं, आणि त्यावरून ‘हाच तो पेन ड्राइव्ह’ असं छातीठोक सांगता येत नाही.

प्रकरण कोर्टात गेलं तर नुसती स्क्रीनची प्रिंट चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा नोंदींसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत लिहावी लागते. त्यामुळे संशय आला की आधी त्या कॉम्प्युटरला हात लावणं थांबवायचं. ‘जरा बघू या’ म्हणून दुसरा पेन ड्राइव्ह खुपसला, तर त्याचीही नोंद त्याच लॉगमध्ये जाऊन बसते.