स्टिअरिंगमधला हॉर्न : एका जुन्या ट्रकची दुरुस्ती आणि तिच्यामागचा इतिहास



आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानात गॅरेजचं काम कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. पण आज आम्ही जी दुरुस्ती समोर ठेवणार आहोत, ती इतिहास माहीत असल्याशिवाय नीट होत नाही. एवढंच नाही, तर इतिहास माहीत नसला की ती हमखास चुकीच्या रीतीने होते. म्हणून आधी इतिहास, मग पाना-पकड.

उदाहरण डोळ्यांसमोर असू द्या. १९४७ ते १९५३ च्या दरम्यानचा शेवरोलेचा ट्रक. गोलसर नाक, ६ व्होल्टची बॅटरी, मोठं थोरलं स्टिअरिंग आणि त्याच्या मधोमध हॉर्नचं बटण. ट्रक चालतो, दिवे लागतात, पण बटण दाबलं तर आवाज नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो आणि थांबायचं नाव घेत नाही. आता करायचं काय?

पहिला प्रश्न आपण असा विचारू, की ते बटण तिथे आलंच कसं?

यंत्रावर चालणारं वाहन रस्त्यावर आलं, तेव्हा रस्ता पायी चालणाऱ्यांचा होता. इंग्लंडमध्ये १८६५ साली कायदा झाला की असं वाहन निघालं, तर एका माणसाने लाल निशाण घेऊन त्याच्या ६० यार्ड पुढे चालायचं. म्हणजे इशारा द्यायची जबाबदारी वाहनाची, आणि ती पार पाडायला एक जिताजागता माणूस. १८९६ मध्ये हलक्या मोटारींची या नियमांतून सुटका झाली. निशाणवाला गेला, वेग वाढला आणि इशारा आवाजावर आला. तो आवाज म्हणजे पितळी नळी आणि रबरी फुगा. फुगा दाबला की 'पों'. आपल्याकडे ट्रकच्या खिडकीबाहेर लावलेले असे भोंगे ज्येष्ठ मंडळींना आठवत असतील.

आता या भोंग्याची अडचण बघा. तो वाजवायचा तर एक हात स्टिअरिंगवरून काढावा लागतो. इशाऱ्याची गरज कधी लागते? कोणी अचानक आडवं आलं तर. आणि नेमक्या त्याच क्षणी दोन्ही हात स्टिअरिंगवर हवे असतात. आमच्या मते हॉर्नच्या पुढच्या सगळ्या सुधारणांच्या मुळाशी ही एकच अडचण आहे.

पुढे वीज आली. १९०८ च्या सुमारास मिलर रीज हचिसन या अमेरिकन संशोधकाचा 'क्लॅक्सन' हॉर्न बाजारात आला. न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात त्याचं उत्पादन सुरू झालं. छोटी विजेची मोटर एक दातेरी चाक फिरवते, ते दाते पातळ पडद्यावरच्या खिळ्याला घासत जातात आणि कर्कश आवाज निघतो. गंमत अशी, की याच हचिसनने त्याआधी ऐकू कमी येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारं श्रवणयंत्र केलं होतं. त्यावरून त्याची थट्टाही पुष्कळ झाली. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये विषारी वायूचा इशारा द्यायलाही असे हॉर्न वापरले गेले.

क्लॅक्सनच्या पाठोपाठ साधा, स्वस्त प्रकार रुळला. विद्युतचुंबक पातळ पत्रा ओढतो, ओढताना स्वतःचाच संपर्क तुटतो, पत्रा मागे येतो, संपर्क पुन्हा जुळतो. सेकंदाला शेकडो वेळा हेच चालतं. आपल्या शेवरोलेत याच जातीचा हॉर्न आहे.

वीज आल्यामुळे एक मोठी गोष्ट झाली. आवाज कुठेही असू द्या, बटण दुसरीकडे ठेवता येऊ लागलं. फोर्डच्या 'मॉडेल टी'ला १९१५ च्या सुमारास मॅग्नेटोच्या विजेवर चालणारा हॉर्न आला आणि त्याचं बटण स्टिअरिंगच्या खांबावर बसलं. १९२७ च्या अखेरीस आलेल्या 'मॉडेल ए'मध्ये आणि त्याचंच भावंड असलेल्या 'डबल ए' ट्रकमध्ये बटण थेट स्टिअरिंगच्या मध्यावर आलं. हात न सोडता, नुसता अंगठा किंवा तळवा सरकवून इशारा देता येऊ लागला. फुग्याची अडचण सुटली.

पण नवी अडचण उभी राहिली. स्टिअरिंग फिरतं. फिरत्या वस्तूपर्यंत वायर न्यायची कशी? दोन वायरी नेल्या तर पीळ पडून तुटतील. यावरचा तोडगा फार हुशारीचा आहे. दोनाऐवजी एकच वायर वर न्यायची. दुसरी वायर म्हणून ट्रकचं लोखंडच वापरायचं. स्टिअरिंगचा दांडा, खालची पेटी, चासी आणि तिथून बॅटरीचं टोक. मिस्त्री लोक याला 'अर्थ' म्हणतात. बटण दाबलं की वर आलेली वायर लोखंडाला टेकते आणि मंडल पूर्ण होतं. म्हणजे हे बटण हॉर्नला वीज पुरवत नाही, विजेला परतीची वाट देतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक भाग समजून घेऊ. ६ व्होल्टच्या गाडीत तेवढंच काम करायला १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो. एवढा प्रवाह स्टिअरिंगमधल्या नाजूक संपर्कातून नेला तर तो जळून जाईल. म्हणून मध्ये रिले घातला. बटण फक्त रिलेला चेतवतं आणि हॉर्नचा भारी प्रवाह रिले सांभाळतो. रिलेवर बहुधा तीन टोकं असतात : 'बी' म्हणजे बॅटरी, 'एच' म्हणजे हॉर्न आणि 'एस' म्हणजे स्विच, अर्थात आपलं बटण.

आता थोडं मुंबईकडे वळू, कारण या ट्रकचा मुंबईशी खराखुरा संबंध आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला. सुटे भाग जहाजातून यायचे आणि इथले कामगार मोटारी, ट्रक, बस जोडायचे. पुढे १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. नुसती जोडणी नको, इथे उत्पादन करायची तयारी असेल त्यांनीच राहावं, असं धोरण ठरलं. १९५४ मध्ये शिवडीचं काम थांबलं. कुर्ल्याला प्रीमियरने डॉज आणि फार्गो चालू ठेवले, जमशेदपूरला त्याच वर्षी टाटा-मर्सिडीज सुरू झाली. शेवरोले मात्र रस्त्यावर राहिले आणि त्यांचा कारखाना गेला.

याचा अर्थ गॅरेजमध्ये काय झाला? स्टिअरिंगमधली एखादी स्प्रिंग किंवा फायबरचा वॉशर गेला, तर अस्सल मिळणं मुश्कील. माल तर पोचवायचाच आहे. मग मिस्त्रीने डॅशबोर्डखाली एक साधं बटण बसवलं आणि दोन वायरी जोडल्या. हॉर्न वाजला, ट्रक निघाला. त्या मिस्त्रींना आम्ही नावं ठेवणार नाही. हाताशी जे होतं त्यात त्यांनी गाड्या चालत्या ठेवल्या. पण आज हौसेने जुना ट्रक उभा करणारे लोकही, सगळं मिळत असताना, हाच तोडगा काढतात. तिथे आमची हरकत आहे. ती का, ते शेवटी सांगतो.

तर दुरुस्ती. बहुतेक लोक पहिल्यांदा हॉर्न खोलतात किंवा स्टिअरिंग उपटायला घेतात. दोन्ही नको. आधी बॉनेट उघडून रिलेपाशी या. 'एस' टोकाला एक वायर लावून तिचं दुसरं टोक मोकळ्या, घासून स्वच्छ केलेल्या लोखंडाला टेकवा. म्हणजे बटणाचं काम आपण खाली उभे राहून केलं. हॉर्न वाजला? मग बॅटरी, रिले, हॉर्न तिन्ही ठीक आहेत आणि दोष स्टिअरिंगच्या खांबात आहे.

वाजला नाही, पण रिले 'टक' करतो? मग जाड वायरने क्षणभर 'बी' आणि 'एच' जोडा. आता वाजला तर रिलेचे संपर्क गेले. तरीही गप्प असेल, तर हॉर्नच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थच्या टोकापर्यंत एक वायर धरून पुन्हा बघा. त्यावर वाजला, तर हॉर्न निर्दोष आहे, त्याला अर्थ मिळत नाहीये. आणि 'टक'सुद्धा होत नसेल, तर 'बी'पर्यंत वीज येते का ते टेस्ट लॅम्पने बघायचं. येत असेल तर रिलेचं वेटोळं तपासायचं.

इथे नव्याने रंगवलेल्या ट्रकांचा एक किस्सा नेहमीचा आहे. रंगकाम सुरेख होतं, हॉर्नचा ब्रॅकेटही चकचकीत रंगतो आणि हॉर्न मुका होतो. रंग वीज वाहू देत नाही. हॉर्नला एकच वायर आहे, परतीची वाट ब्रॅकेटमधून आहे, आणि ती आपणच हौसेने बुजवली. ब्रॅकेटखालचा रंग नखाएवढा खरवडला की काम होतं.

दोष खांबात निघाला, तर पहिलं काम बॅटरीची वायर काढून ठेवायची. मग बटणाची टोपी काढा. खाली स्प्रिंग, पितळी संपर्क आणि लोखंडापासून वायर अलग ठेवणारा फायबरचा किंवा रबराचा तुकडा दिसेल. गप्प हॉर्नच्या बाबतीत संपर्कावर काळा थर असतो किंवा स्प्रिंग बसलेली असते. सतत वाजणाऱ्या हॉर्नच्या बाबतीत तो अलग ठेवणारा तुकडा झिजलेला असतो आणि न दाबताच पितळ लोखंडाला टेकतं.

आणि वळताना वाजणारा हॉर्न? त्या काळात वायर वर नेण्याच्या दोन रीती होत्या. एक, पोकळ दांड्यातून सरळ वर. दुसरी, दांड्याभोवती पितळी कडं आणि त्याला घासत राहणारा स्प्रिंगचा संपर्क. जुन्या वायरीवर सुती विणीचं आवरण असतं. साठ-सत्तर वर्षांत ते पापडासारखं होतं. स्टिअरिंग एका ठरावीक कोनात आलं की उघडी तार लोखंडाला लागते. नवी वायर ओढायची सोपी युक्ती अशी : जुनीच्या टोकाला नवी बांधा आणि जुनी हळूहळू ओढून घ्या. ही वायर फक्त रिलेचा प्रवाह वाहते, म्हणून फार जाड लागत नाही. तिचं आवरण मात्र चिवट हवं.

स्टिअरिंग काढावंच लागलं, तर दांड्यावर आणि स्टिअरिंगवर जुळणारी खूण करा, नट सैल करा आणि पुलर लावा. हातोडा मारू नका. तो घाव दांड्यावर आणि खालच्या बेअरिंगवर बसतो आणि हॉर्नच्या दुरुस्तीत स्टिअरिंग बिघडतं.

आता आमची हरकत. डॅशबोर्डखालच्या बटणाने हॉर्न वाजतो, हे खरं. पण ते वाजवायला हात स्टिअरिंगवरून काढावा लागतो. म्हणजे आपण पुन्हा रबरी फुग्याच्या काळात गेलो. तोही पॉवर स्टिअरिंग नसलेल्या, जड, ब्रेक हळू लागणाऱ्या ट्रकमध्ये, आजच्या वाहतुकीत. समोर सायकलवर शाळेतलं पोर असेल, तर तो अर्धा सेकंद त्याचा आहे. शिवाय खांबातली उघडी वायर तशीच राहते, ती वेगळीच. म्हणून जुनं डॅशबोर्डचं बटण सापडलं तर त्याचा फोटो काढा, ते जपून ठेवा, कारण तेही या ट्रकच्या आयुष्याची नोंद आहे. पण इशारा पुन्हा स्टिअरिंगच्या मध्यावर आणा.

एक गोष्ट राहिली. बटण हाताशी आल्यावर माणसं ते गरजेपेक्षा जास्त दाबू लागली. १९३४ मध्ये लंडनमध्ये रात्री हॉर्नला बंदी आली, १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये महापौर ला ग्वार्डिया यांनी शांत रात्रींची मोहीम काढली. महाराष्ट्रात २०१५ साली ट्रकांच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला मनाई झाली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात विनाकारण हॉर्न वाजवण्याला पहिल्या वेळी १००० रुपये दंड ठेवला गेला. पुढच्याला इशारा देण्यासाठी आलेली वस्तू पुढच्याला हाकलण्यासाठी वापरली जाऊ लागली, त्याचा हा हिशोब.

तेव्हा दुरुस्ती झाली की ट्रक उभा असतानाच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्ये कुठेही आवाज व्हायला नको. मग सरळ करून बटण एकदा दाबा. वाजला की काम झालं, दुसऱ्यांदा वाजवून बघायची गरज नाही. आपले शेजारी दुपारचे झोपलेले असतात.