भारतातच राहिलेले अब्दुल बारी

स्क्वॉश म्हटले की आम्हाला पेशावरचे खान आठवतात. जळकोटसारख्या गावी तर हा खेळ फारसा कुणाला ठाऊकही नाही. पण त्याच्या इतिहासात मुंबईचेही एक पान आहे.

चार भिंतींतला हा खेळ इंग्रजांनी छावण्यांतून, क्लबांतून इथे आणला. खेळायचे साहेब, चेंडू वेचायची गरिबांची पोरे. त्यांतूनच पुढे शिकवणारे मार्कर तयार झाले. हाशिम खान असेच पेशावरच्या क्लबात घडले. १९४४ साली मुंबईत पहिली अखिल भारतीय स्पर्धा त्यांनी जिंकली. अब्दुल बारी हे त्यांचे दूरचे नातलग. त्यांनाही हाशिमनी अनेकदा हरवले होते.

फाळणी झाली. हाशिम पाकिस्तानचे झाले, बारी भारतातच राहिले. १९५० साली ते भारतातर्फे ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले; इजिप्तच्या महमूद करीमकडून हरले. हे कळल्यावर हाशिमनी पाकिस्तानी हवाई दलाचे पाठबळ मिळवले, १९५१ साली करीमला हरवले आणि पुढे एकूण सात वेळा ती स्पर्धा जिंकली.

म्हणजे खानांच्या त्या वाटेला निमित्त झाले ते भारतातले बारी! २०२३ साली मुंबईतच भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८च्या ऑलिंपिकसाठी स्क्वॉशला प्रवेश मिळाला. इथेच राहिलेल्यांची आठवण काढताना आपण पुढारी मोजतो, शायर मोजतो. या खेळाडूचे नावही आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे.