एचआयव्ही आणि एड्स

एचआयव्ही हा विषाणू आहे. एड्स ही त्याच्या संसर्गाची, उपचार न घेतल्यास येणारी, शेवटची अवस्था. बोलताना हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. या सैलपणापायी रक्तात नुसता विषाणू सापडलेल्या कितीतरी धडधाकट माणसांना त्यांच्याच घरच्यांनी मरणाच्या दारी नेऊन बसवले.

शरीराच्या रोगप्रतिकाराची सूत्रे हलवणाऱ्या सीडी-४ या पांढऱ्या पेशींत हा विषाणू शिरतो, आपला आराखडा पेशीच्या डीएनएत जोडतो आणि तिच्याकडूनच नवे विषाणू घडवून घेतो. निरोगी प्रौढाच्या एका घनमिलिमीटर रक्तात अशा साधारण ५०० ते १,५०० पेशी असतात. त्या २०० च्या खाली गेल्या किंवा दुबळ्या प्रतिकाराचा फायदा घेणारे ठरावीक संधिसाधू आजार जडले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. उपचाराविना तिथवर पोचायला बहुधा आठ-दहा वर्षे लागतात आणि त्यातला बराच काळ कोणतेही लक्षण दिसत नाही. अशा आजारांपैकी भारतात या रुग्णांना सर्वाधिक गाठतो तो क्षय.

असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, एकमेकांच्या सुया-सिरिंजा, आणि आईकडून बाळाला गर्भात, बाळंतपणात वा अंगावरच्या दुधातून, एवढ्याच संसर्गाच्या मुख्य वाटा. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा डास चावल्याने तो होत नाही.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९८३ मध्ये विषाणू ओळखला गेला. भारतात तो १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळला. त्यानंतर भीती किती वेगाने कायद्यात उतरली हे गोव्यात दिसते. नियमित रक्तदान करणारे डॉमिनिक डिसोझा यांच्या रक्तात विषाणू सापडला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना नेले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकट्याला ६४ दिवस डांबून ठेवले. गुन्हा काहीच नव्हता. बाधितांना वेगळे ठेवण्याची तरतूद राज्याच्या आरोग्य कायद्यातच होती. आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. अंतरिम आदेशाने ते सुटले, पण निकालात न्यायालयाने तरतूद वैधच ठरवली. डॉमिनिक यांनी पुढे बाधितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. रक्तदात्याला कैदी करणारी ही घटना भारतातील एड्सच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर असायला हवी.

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वेगळी वाट धरली. काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल दिला आणि अर्जदाराचे नावही गुप्त राहू दिले. बाधितांशी भेदभावाला मनाई करणारा, चाचणीपूर्वी संमती आणि गोपनीयता बंधनकारक करणारा केंद्रीय कायदा २०१७ मध्ये झाला व सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.

औषधांची गोष्टही मुंबईशी जोडलेली आहे. तीन औषधांचा एकत्रित उपचार १९९६ पासून प्रभावी ठरला, पण त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. २००१ मध्ये मुंबईतल्या सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तो ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि आफ्रिकेतल्या लाखो रुग्णांसाठी दार उघडले. भारतात सरकारी एआरटी (विषाणूरोधक उपचार) केंद्रांतून मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. आता बहुतेकांना रोज एक गोळी पुरते. डीएनएत दडलेला विषाणू तिने समूळ जात नाही, म्हणून ती जन्मभर घ्यावी लागते. मात्र नियमित औषधाने रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचाराविना बाधित मातांच्या १५ ते ४५ टक्के बाळांना होणारा संसर्ग उपचाराने पाच टक्क्यांच्या खाली आणता येतो.

भारतात सुमारे २५ लाख माणसे एचआयव्हीसह जगतात. संख्येने सर्वाधिक महाराष्ट्रात. बाईच्या वाट्याला यात दुहेरी दुःख येते. अनेकींना लागण नवऱ्याकडून होते, आणि गरोदरपणातल्या तपासणीत ती आधी तिच्याच रक्तात सापडल्याने दोषही तिच्यावरच येतो. नवरा गेला की ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून सासरचे दार बंद होते. जमिनीतला वाटाही त्याच दाराआड राहतो. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून आपल्या तालुक्याचे केंद्र सोडून दूरच्या जिल्ह्यात औषधाला जाणारे लोक आजही आहेत. तिथून परतताना गोळ्या बाटलीतून काढून साध्या डबीत भरतात आणि बाटली वाटेतच टाकून देतात.