शेणाचा हात कागदावर कसा आला?

आपल्या गटांत हातकागदाची भेटकार्डं, पाकिटं, पिशव्या होतात. नुसत्या कोऱ्या कागदावर चित्र उठून दिसत नाही. आधी त्याची जमीन करावी लागते. माती, शेण, गेरू यांची खरबरीत जमीन आज शहरात हौसेनं विकत घेतली जाते. ती मुळात आपल्या सारवणाचीच आहे. ती भिंतीवरून कागदावर कशी आली, ते आज सांगतो.

डहाणू-तलासरीकडे वारली घरांत लग्न ठरलं की कुडाची भिंत शेणामातीनं सारवतात, वर गेरूचा हात देतात. त्यावर सवाशिणी तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते. हे काम बायकांचं. पण भिंतीवर कुणी आपलं नाव घालत नसे.

तिकडे बिहारमध्ये, मिथिलेतही लग्नघराच्या भिंती बायकाच रंगवत. 1934 च्या भूकंपात घरं पडली, तेव्हा आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला पडक्या भिंतींवर ही चित्रं दिसली. पुढे 1966-67 साली तिथं मोठा दुष्काळ पडला. बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून अखिल भारतीय हस्तकला मंडळानं भास्कर कुलकर्णी या आपल्या मराठी चित्रकाराला मधुबनीला पाठवलं. त्यांनी बायकांना कागद दिला आणि म्हटलं, भिंतीवर काढता ते यावर काढा.

पांढऱ्या कागदाला भिंतीचा रंग कसा आणायचा? तोडगा घरातलाच होता. ताजं शेण पाण्यात कालवायचं, फडक्यातून गाळायचं, पातळ हात कागदावर फिरवायचा आणि सावलीत वाळवायचं. कागदाला भुरकट, मातकट रंग चढतो. त्यात थोडा बाभळीचा डिंक घातला तर रंग धरून राहतो.

मिथिलेच्या कागदावर बायकांची नावं आली. जितवारपूरच्या जगदंबा देवींना 1975 मध्ये आणि सीता देवींना 1981 मध्ये पद्मश्री मिळाली.

1970 नंतर कुलकर्णी वारली पाड्यांत आले. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी शेण-गेरूच्या जमिनीवर रोजचं जगणं रेखाटलं. शेती, मासेमारी, तारपा नाच, सगळं त्यात आलं. त्यांची चित्रं जगभर गेली. 2011 मध्ये तेही पद्मश्री झाले. हा मान त्यांच्या हाताचाच होता. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या सवाशिणींपैकी किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील?

भिंत घरातच राहते. कागद बाजारात जातो, आणि त्याच्यासोबत नाव जातं, पैसाही जातो. म्हणून कागदावर कुणाचं नाव लागतं, याला मोल आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, कार्ड तयार झालं की मागे नाव लिहूया. सारवणारी एक आणि रेखणारी दुसरी असेल तर दोघींचीही लिहूया. हिशेबाच्या वहीतही जमीन करण्याची मजुरी वेगळी मांडूया. जमीन धरली नाही तर वरचं चित्र टिकत नाही, हे सारवणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको.