फडावरचा जनरेटर घरात आला

तमाशाच्या फडात जनरेटर सांभाळणाऱ्याला कलावंताचा मान कधीच मिळाला नाही, पण त्याच्यावाचून पडदाही उघडत नसे. मिसरूड फुटायच्या आधीच मी या कामाला लागलो. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीचा खंडोबा, मांढरदेवीची काळूबाई, असा आमचा हंगाम चालायचा. ट्रकच्या हौद्यात डिझेल इंजिन, त्याला पट्ट्याने जोडलेला अल्टरनेटर आणि चालू करायला लोखंडी हँडल. ते उलटं बसलं तर मनगट गेलंच समजा.

आमच्या उस्तादाचा एक नियम कडक होता. गाडी कनातीपासून लांब उभी करायची, आणि तीही वाऱ्याच्या खालच्या अंगाला. वायर कितीही लागू दे. याचं कारण अगदी साधं होतं. गणगौळण रंगात आली असताना इंजिनाची धडधड ऐकू आली, की तंबूत ढेकळं यायची. विषारी वायूचा विचार त्या काळी कुणाच्याच डोक्यात नव्हता. आवाज नको म्हणून यंत्र लांब, आणि यंत्र लांब म्हणून धूरही लांब. जनरेटर वापरण्यातला सर्वांत महत्त्वाचा सुरक्षेचा नियम आमच्याकडे कुठल्या पुस्तकातून आला नाही, तो गाणाऱ्या बायांच्या गळ्यामुळे पडला, असं माझं स्पष्ट मत आहे. टूरिंग टॉकीजवाल्यांचीही तीच रीत होती.

हाताने उचलता येईल असा जनरेटर निघाला जपानमध्ये. सोनीच्या छोट्या टीव्हीला कुठेही वीज मिळावी म्हणून होंडाने १९६४ साली ई-४० हे यंत्र घडवलं आणि १९६५ साली ई-३०० बाजारात आणलं. आपल्याकडे ती लाट वीस वर्षांनी पोचली. १९८५ मध्ये श्रीराम आणि होंडा यांची भागीदारीतली कंपनी उभी राहिली, तिच्या मागोमाग बिर्ला-यामाहाची यंत्रं दिसू लागली. मी तोवर फड सोडून वाईत दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. ही यंत्रं पाच-सहा बल्ब आणि एक-दोन पंखे ओढायची, त्याहून जास्त नाही. फोटो स्टुडिओ, दाताचे डॉक्टर, कॅसेटची दुकानं आणि वरातीतले बँडवाले ही माझी पहिली गिऱ्हाइकं. चालू करताना पेट्रोल, इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेल. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, नाहीतर कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहून दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ. टाकी उघडली की रेशनचं निळं रॉकेल हटकून दिसायचं. ते कुठून आलं, हे विचारायचं नाही, एवढा शहाणपणा धंद्यात लागतो.

या टप्प्यावर एक गोष्ट हातातून निसटली. फडावर जनरेटर माणसासह यायचा. दुकानातून विकत घेतलेला नुसता खोक्यात यायचा, सोबत इंग्रजी पुस्तिका. ती बहुतेकांच्या घरी अजूनही प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरी करकरीत असेल.

मग आलं भारनियमन. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि वीज वाटपाचं काम महावितरणकडे आलं, पण मागणी आणि पुरवठ्यातली दरी काही बुजली नाही. खेड्यापाड्यांत दिवसाचे बारा-बारा तास वीज नसायची. पुण्यात २००६ साली एक निराळा तोडगा निघाला. कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे आणि त्यामुळे वाचणारी वीज शहराला द्यायची. त्याचा जादा खर्च ग्राहकांच्या बिलात गेला, पण शहराचं भारनियमन टळलं. आम्हा सातारकरांच्या नशिबी तेवढंही नव्हतं. १,९६० मेगावॉटचं कोयना आमच्याच जिल्ह्यात, आणि पोरं मेणबत्तीवर दहावीचा अभ्यास करतायत. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात, तसं आमचं विजेच्या बाबतीत झालं होतं. दुकानात पाय ठेवायला जागा नसे, हे मात्र कबूल केलं पाहिजे. आमचा धंदा अंधारावर चालला.

याच सुमाराला जनरेटरचा आवाजही घटू लागला. १ जानेवारी २००५ पासून बनलेल्या मोठ्या डिझेल संचांना पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा लागू झाली, छोट्या यंत्रांना वेगळे नियम आले. शेजाऱ्यांच्या दृष्टीने चांगलंच झालं. पण ‘सायलेंट’ असा शिक्का बसला आणि लोकांच्या मनात यंत्राची भीती मोडली. जे पूर्वी परसात गोठ्यापलीकडे ठेवावं लागे, ते व्हरांड्यात आलं, मग जिन्याखाली, आणि पावसाळ्यात तर थेट माजघरात. पेटीमुळे आवाज दबतो, धुराड्यातून येणारा वायू तेवढाच राहतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, पित्त झालं असेल म्हणून माणूस आडवा होतो. तो उठत नाही.

जुलै २०२१ मध्ये चंद्रपूरजवळच्या दुर्गापुरात हेच घडलं. रात्री वीज गेली, घरात जनरेटर लावला, सगळे झोपले. सकाळी एकाच कुटुंबातले सहा जण गेलेले. ती बातमी वाचली त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही.

म्हणून गिऱ्हाइकाला मी उस्तादाचाच नियम सांगतो, फक्त आकडा घालून. यंत्र उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून किमान वीस फूट, आणि धुराड्याचं तोंड घराकडे नको. खिडकी उघडी ठेवतो, पंखा लावतो, असं लोक म्हणतात. त्याने भागत नाही. पार्किंग, गॅलरी, शटर अर्धं वर केलेलं दुकान, यांतलं काहीही उघड्यात मोडत नाही. पावसाचं काय, हा प्रश्न खरा आहे. त्यासाठी वरती पत्रा टाका आणि चारही बाजू मोकळ्या ठेवा.

दुसरा घातक प्रकार वायरमन मंडळींना चांगला ठाऊक आहे. दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करायची, एक टोक जनरेटरात, दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये, की सगळं घर उजळलं. पण मेन स्विच बंद करायचा राहिला, तर तीच वीज मीटरमधून उलटी डीपीपर्यंत जाते आणि तिथून ११,००० व्होल्ट होऊन वरच्या तारेत शिरते. लाइनमन बिचारा एबी स्विच खाली ओढून, लाइन मेली असं समजून खांबावर चढलेला असतो. यावर उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच. एका वेळी एकच बाजू जोडली जाते, चूक करायची सोयच राहत नाही. तो बसवायचा नसेल तर चांगल्या जाड वायरने फ्रिज थेट जनरेटरला लावा, भिंतीच्या नादाला लागू नका.

२०१२ च्या पुढे भारनियमन कमी झालं, त्याआधीच इन्व्हर्टरने घरगुती जनरेटर मागे सारला होता. आता हा धंदा संपला, असं मीही धरून चाललो होतो. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि खांबच्या खांब आडवे झाले. श्रीवर्धन, दापोलीकडची कित्येक गावं आठवड्यांमागून आठवडे अंधारात होती. टाळेबंदीतला पास काढून मी आंबेनळी घाट उतरलो. माळ्यावर पडलेली जुनी यंत्रं लोकांनी खाली काढली होती, विहिरीवरची मोटर आणि मोबाइल चार्जिंग यांसाठी. एका आळीत एक जनरेटर आणि भोवती सगळी आळी. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर चालू होताना नेहमीपेक्षा कित्येक पट वीज मागते, त्याने निम्मे अल्टरनेटर जळालेले. चालू इंजिनात पेट्रोल ओतणारेही भेटले. यंत्र बंद करा, थंड होऊ द्या, मग टाकी उघडा, हे मी तिथे ओरडून ओरडून सांगत होतो.

आता वीज गेली की लग्नाच्या मांडवासाठी, गणपतीसाठी, आजारी माणसाच्या ऑक्सिजन यंत्रासाठी लोक छोटे जनरेटर भाड्याने नेतात. भाड्याने देणाऱ्या माझ्या धंदेबंधूंना हात जोडून विनंती आहे. टेम्पोतून यंत्र उतरवून, पावती फाडून निघून येऊ नका. जागा तुम्ही स्वतः ठरवा, वीस फूट पावलांनी मोजा, जोडणी स्वतः करा, आणि गिऱ्हाईक घरात ठेवायचा हट्ट धरत असेल तर यंत्र परत टेम्पोत चढवा. एका रात्रीचं भाडं बुडेल, बुडू द्या.