चित्रपटात गाणे वापरायचे तर परवानगी कोणाची?

आधीपासून असलेले गाणे चित्रपटात किंवा लघुपटात वापरायचे असेल, तर त्याच्या हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. दृश्याला संगीत जोडण्याच्या या परवान्याला व्यवसायात ‘सिंक लायसन्स’ म्हणतात. मोठ्या निर्मितीसंस्थांकडे या कामासाठी वकील असतात. स्वतंत्र चित्रपटकाराला ते बहुधा स्वतःच करावे लागते. त्यात फसगत होते ती मुख्यतः एका कारणाने : गाणे एक असले, तरी त्यावरचा हक्क एकच नसतो.

एक गाणे, तीन कृती

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार गाण्याचे शब्द, त्याची चाल आणि त्याचे ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या कृती आहेत. शब्द आणि चालीचे हक्क गीतकार, संगीतकार, त्यांचे वारस किंवा संगीत प्रकाशक कंपनीकडे असू शकतात. ध्वनिमुद्रणाचे हक्क साधारणपणे ते काढणाऱ्या कंपनीकडे असतात. भारतीय चित्रपटगीतांचे सगळे हक्क पुष्कळदा एकाच कंपनीकडे असतात, पण तसे गृहीत धरू नये. गायकाने ‘खुशाल वापरा’ म्हटले, तरी तेवढे पुरत नाही. गाणे नव्या गायकाकडून गाऊन घेतले, तर जुन्या ध्वनिमुद्रणाची परवानगी लागत नाही. शब्द आणि चालीची मात्र लागतेच.

मुदत कशी मोजतात?

भारतात शब्द आणि चालीवरचा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. ‘गीतरामायणा’चे उदाहरण घेऊ. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये निवर्तले, म्हणून शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे; सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणून चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत.

तुकारामांच्या अभंगाचे शब्द सर्वांसाठी खुले आहेत. पण लता मंगेशकरांनी गायिलेल्या ‘अभंग तुकयाचे’मधील चाली श्रीनिवास खळे यांच्या आहेत. त्यांचे निधन २०११ मध्ये झाले, त्यामुळे त्या चालींना परवानगी लागते. तोच अभंग पारंपरिक चालीत स्वतः गाऊन घेतला, तर हा प्रश्न येत नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची लेखी संमती मात्र घ्यावी.

देशागणिक नियम बदलतात. अमेरिकेच्या नीना पॅली यांनी ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ (२००८) हा अॅनिमेशनपट बहुतांशी एकटीने केला. त्यात अॅनेट हॅन्शॉ यांची १९२०च्या दशकातील गाणी आहेत. त्या ध्वनिमुद्रणांवर अमेरिकेचा संघीय कॉपीराइट नव्हता, पण शब्द आणि चालींवरचा हक्क शिल्लक होता. चित्रपट महोत्सवांत गाजला, तरी प्रदर्शन अडले. अखेर वाटाघाटी करून पॅली यांनी सुमारे ५० हजार डॉलर भरले. त्यासाठी कर्ज काढावे लागले.

परवानगी मागताना

आधी ध्वनिमुद्रिकेवरील किंवा चित्रपटाच्या श्रेयनामावलीतील कंपनीचे नाव शोधा. आयपीआरएस ही गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची संस्था आहे. हक्क कोणाकडे आहेत याचा माग तिथून लागू शकतो. मात्र आयपीआरएस किंवा पीपीएलचा जाहीर कार्यक्रमासाठीचा परवाना म्हणजे सिंक परवाना नव्हे. तो थेट हक्कधारकाकडून घ्यावा लागतो.

पत्रात प्रसंग, गाण्याचा किती सेकंदांचा भाग हवा, चित्रपटाचे अंदाजपत्रक आणि तो कुठे दाखवणार हे स्पष्ट लिहा. पैसे कमी असतील, तर फक्त महोत्सवांपुरता परवाना मागता येतो. तो सहसा स्वस्त पडतो. पुढे चित्रपटगृह किंवा ओटीटीसाठी किती रक्कम द्यावी लागेल, हे मात्र त्याच करारात ठरवून घ्या. चित्रपट विकला गेल्यावर भाव करायला बसलात, तर हातात काही राहत नाही.

करारात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती ५ वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. म्हणून मुदत, प्रदेश आणि माध्यम ही तिन्ही कागदावर हवीत.

काही गैरसमज

‘३० सेकंदांपर्यंत चालते’ असा कोणताही नियम भारतीय कायद्यात नाही. श्रेयनामावलीत नाव दिल्याने परवानगी मिळत नाही. ‘चित्रपटातून कमाई करणार नाही’ म्हटल्यानेही गरज संपत नाही.

पर्याय कोणते?

नवे संगीत करून घेणे हा सर्वांत सुटसुटीत मार्ग. संगीतकार मित्र असला, तरी लेखी करार करा. त्यात वादक आणि गायकांची संमतीही असावी. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे संगीत फुकट मिळते, पण अटी वाचा. ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही. ‘एनडी’ असेल तर ते दृश्याला जोडताच येत नाही, कारण तसे जोडणे हे रूपांतर मानले जाते.

परवानगी हाती येईपर्यंत त्या गाण्यावर संकलन पक्के करू नका. प्रसंग गाण्याच्या ठेक्यावर कापून झाला की नकार आल्यावर गाण्याबरोबर प्रसंगही नव्याने बांधावा लागतो.